सव्वा महिना कुणाचा?

कल्याणची एक मुलगी नवव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली, चौदाव्या वर्षी बाळंत झाली आणि तिचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. बारसं बाराव्या दिवशी असतं. त्या बाळाच्या वाट्याला नावसुद्धा आलं नाही. पुढे हीच मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा, कल्याणचा. एम.डी.साठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जगातला कुठलाही रोग त्यांना निवडता आला असता. त्यांनी आपल्या घरातली बाळंतिणीची खोली निवडली.

माझ्या घरी अलीकडे जो वाद झाला, त्यात दोन्ही बाजूंनी आनंदीबाईंचं नाव घेतलं गेलं, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. वाद माझ्या ताईचा आणि माझ्या लेकीचा. ताई ठाण्याची, नौपाड्यात राहते. परिचारिका म्हणून तिचं सगळं आयुष्य प्रसूतीच्या वॉर्डांत गेलं. लेकीचं पहिलं बाळंतपण सिंगापूरला झालं, दुसरं आत्ता इथे डोंबिवलीत, आमच्याकडे. मुलगी झाली. कुणालाही वाटेल की नव्या विचारांची लेक जुन्या चालींना नको म्हणत असणार आणि मावशी त्यांचा आग्रह धरत असणार. आमच्याकडे नेमकं उलट होतं. दोघींचं बोलणं मी जसं ऐकलं तसं, थोडं आवरून, इथे देते आहे.

लेक : मावशी, आधीच सांगते. या वेळी मला पुरता सव्वा महिना हवा आहे. मालिश, शेक, धुरी, अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळं. मी उंबरठा ओलांडणार नाही, फोनवर ऑफिसचं एक अक्षर बोलणार नाही.

मावशी : लाडू मीच घेऊन आले आहे. मालिश घे, झोप घे, उंबरठ्याचं तुझं तू बघ. पण धुरी माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही.

लेक : ओवा, वेखंड आणि बाळंतशेपांची चिमूटभर धुरी गं. आजी द्यायची ना?

मावशी : आजी कुठे द्यायची ते आठव. कल्याणला पारनाक्याचा वाडा, वर कौलं, धूर सगळा कौलांतून निघून जायचा. खाली ओल, भिंतींना पोपडे, बाळंतिणीची खोली सगळ्यात आतली आणि अंधारी. तिथे ऊब हवी होती, डास हवे नव्हते, म्हणून शेगडी आणि धूर. तुझी ही खोली दहा बाय दहाची, सरकत्या काचा लावलेल्या, वर पंखा बंद. आठ दिवसांच्या पोरीची फुप्फुसं केवढी असतात? धूर तिच्या छातीत जातो. हिवाळ्यात वॉर्डात धाप लागलेली बाळं यायची. विचारलं की कळायचं, घरी दोन वेळा धुरी चालू आहे.

लेक : बरं, धुरी सोडली. पण तू एकेक करत सगळंच काढून घेशील.

मावशी : जे बाळाच्या जिवावर येतं ते काढणारच. चीक काढून फेका म्हणणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते घट्ट, पिवळसर दूध म्हणजे बाळाची पहिली लस, आणि ते जड असतं म्हणून मोरीत पिळून टाकायचं. वर पहिली चव म्हणून सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची! एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नकोच, त्यात असे जिवाणू असू शकतात की त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. आणि बाळगुटी. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, सहाणेवर दोन-दोन वेढे. औषधं चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. सहाण कुणी उकळली होती? पाणी कुठलं होतं? सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं तेच आहे.

इथे माझी लेक गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती गप्प बसली नाही. तिने उशी पाठीशी सरकवली, बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि सिंगापूरबद्दल बोलायला लागली. हे ती आम्हाला आजवर कधी बोलली नव्हती.

लेक : तू जे जे म्हणतेस त्यातलं काहीही मी तिथे केलं नाही. धूर नाही, गुटी नाही, मध नाही. सगळं शास्त्राप्रमाणे. तिसऱ्या दिवशी घरी आले. आईचा व्हिसा रखडला होता. ह्यांची रजा संपली. मग मी, बाळ आणि फ्रीजरमधल्या पोळ्या. टाके दुखत असताना कपडे वाळत घालायचे. रात्री किती वेळा उठले ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. आणि भिंतीपलीकडे एक चिनी मुलगी माझ्याच आठवड्यात बाळंत झालेली. तिच्याकडे मलेशियाहून एक बाई महिनाभर राहायला आलेली. तिथे अशा बाया महिने महिने आधी ठरवून ठेवाव्या लागतात. त्या मुलीने महिनाभर ताटसुद्धा उचललं नाही. ‘महिना बसणं’ म्हणतात त्याला चिनी लोक.

मावशी : आणि खायला?

लेक : आल्याचा मारा. तिळाच्या तेलात आलं परतून त्यात कोंबडी. काळ्या व्हिनेगरमध्ये आलं आणि डुकराचे पाय शिजवलेले, मोठं मातीचं भांडं भरून. सुक्या लाल बोरांचा काढा, पाण्याऐवजी दिवसभर तोच. थंड काही नाही, वारा नाही, केस धुवायचे नाहीत. मला तो वास भिंतीतून यायचा आणि अळिवाच्या खिरीची आठवण यायची. सुंठ, डिंक, खारीक इकडे आणि आलं, तीळ, बोरं तिकडे. आपल्याला एकमेकींचं काही ठाऊक नसताना दोन्हीकडच्या बायकांनी एकच ठरवलं आहे की बाळंतिणीला गरम खायला घाला आणि तिला उठू देऊ नका.

मावशी : उठू देऊ नका हेही मला मान्य नाही. बाळंतिणीने लवकर हिंडतं-फिरतं व्हावं, नाहीतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. आणि तुझ्या चिनी लोकांचं कौतुक पुरे. ऐन उन्हाळ्यात पंखा-एसी बंद करून, वर दुलई घालून बाळंतिणी उष्माघाताने दगावल्याच्या बातम्या चीनमधून आलेल्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यात डोंबिवलीत बाजेखाली शेगडी ठेवणारे आहेतच की.

लेक : शेगडी नको म्हण, केस धुवायचे म्हण, पंखा लाव म्हण. मी सगळं ऐकते. पण त्या महिन्यात त्या चिनी मुलीजवळ एक माणूस होतं गं. माझ्याजवळ नव्हतं. तुमच्या शास्त्रात त्या माणसाची जागा कुठे आहे? हॉस्पिटल तिसऱ्या दिवशी हातात कागद देतं आणि सांगतं, सहा आठवड्यांनी दाखवायला या. मधले सहा आठवडे कुणाचे?

ताईने लगेच उत्तर दिलं नाही. तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. ते दुपटं आमच्या आईच्या नऊवारीचं आहे, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. लेकीने सांगितलं की चीनमध्ये बाळासाठी शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून आणून अंगरखा शिवायची जुनी रीत होती, शंभर घरांचा आशीर्वाद बाळाच्या अंगावर राहावा म्हणून. या एका चालीबद्दल ताईची काही तक्रार निघाली नाही. जुन्या सुती कापडाने बाळाच्या कातडीला पुरळ येत नाही, एवढंच ती म्हणाली. मग मूळ प्रश्नावर आली.

मावशी : तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काय केलं? नवजात बाळाला वाचवायचं तर मोठं हॉस्पिटल हवं असं सगळं जग म्हणत होतं. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. त्या बायका बाळंतिणीच्या घरी जायच्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते संशोधन छापून आलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशा कार्यकर्ती घरी येते ती त्याच वाटेने. हॉस्पिटलात बाळंत झालेलीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

लेक : बेचाळिसाव्या? म्हणजे सव्वा महिना आणि वर थोडे दिवस.

मावशी : सहा आठवडे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढे लागतात.

लेक : मग मी काय वेगळं म्हणतेय? आजीला गर्भाशयाचं काही माहीत नव्हतं, पण दिवस तिने बरोबर मोजले होते. आनंदीबाई एवढ्या लांब गेल्या आणि प्रबंधाला विषय कोणता घेतला? आपल्याकडच्या ग्रंथांत बाळंतपणाबद्दल काय सांगितलंय ते. त्यांना ते टाकून द्यायचं नव्हतं.

मावशी : त्या सुईण व्हायला गेल्या नव्हत्या, डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. जायच्या आधी १८८३ मध्ये सेरामपूरला भाषण करून सांगून गेल्या की हिंदुस्थानाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. ज्या आईचं मूल दहाव्या दिवशी जातं तिला खीर कमी पडलेली नसते बाई. तिला डॉक्टर कमी पडलेला असतो.

या वाक्यावर लेक खरोखरच थांबली. मला विचाराल तर दोघींनीही आनंदीबाईंना अर्धं अर्धं धरलं होतं. पूर्ण आनंदीबाई धरायच्या तर खिरीची वाटी आणि डॉक्टर दोन्ही एकाच खोलीत आणावे लागतात, आणि आमच्या घरात ते घडायला पाचवीची गोष्ट निघावी लागली.

पाचवी आम्ही केली होती. आमच्या फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा नाही. मिक्सर आल्यापासून तो कुणाकडेच नाही. आयऱ्याच्या जुन्या गावठाणातल्या ओळखीच्या आगरी काकूंकडून वरवंटा आणला. चौरंगावर तो मांडला, हळद-कुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन, रात्रभर समई. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते अशी समजूत. काकू सांगत होत्या की त्यांच्या वाड्यात पाचवी म्हणजे बारशाहून मोठी. नातलग, मटणाचं जेवण, पत्त्यांचे डाव, रात्र जागवायची. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींच्या मधोमध अजून जी गावं शिल्लक आहेत, आयरे, नांदिवली, भोपर, काटई, तिथल्या घरांत ही रात्र आजही जागते. ताईला त्या रात्री बोलावलं नव्हतं. हे तिला आत्ता कळलं.

लेक : आता ओरड. नशीब लिहायला देवी येते, यावर माझा विश्वास नाही. तरी मी कागद ठेवला.

मावशी : ओरडत नाही. तुला एक सांगते, ते आईलाही माहीत नव्हतं. पाचव्या-सहाव्या रात्री दिवा लावून का बसायचे? कारण त्याच दिवसांत मुलं जायची. विळ्याने नाळ कापायची, वर शेण किंवा राख लावायची, आणि आठवडा संपायच्या आत बाळ दूध ओढेनासं व्हायचं. जबडा मिटायचा. मग अंग धनुष्यासारखं ताठ. धनुर्वात. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत असं बाळ हातात धरलेलं आहे मी. जरा आवाज झाला, उजेड पडला की त्याला झटका यायचा. अंधाऱ्या खोलीत ठेवायचं आणि बघत बसायचं. लोक म्हणायचे, सटवीने नेलं. सटवाईला लोक उगाच भ्यायले नाहीत. ती भीती संपवली गरोदर बाईला दिलेल्या दोन इंजेक्शनांनी आणि एका स्वच्छ ब्लेडने. २०१५ साली माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. मी तेव्हा निवृत्त होते. घरी एकटीच होते. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला.

लेक : तू?

मावशी : हो, मी.

लेक : मग पाचवीला का बोलावलं नाही म्हणून रागावली असतीस तू.

मावशी : रागावलेच आहे. पण एक अट. कागद कोरा ठेवलात ना, तो फेकू नका. त्यावर लसींच्या तारखा लिहा. दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची.

लेकीने पेन तिच्याच हातात दिलं आणि ताईने तिथल्या तिथे तारखा लिहून काढल्या. तो कागद आता आमच्या फ्रीजवर आहे.

मग आला हॉलचा विषय. बारसं थाटात व्हावं असं व्याह्यांच्या मनात होतं. मानपाडा रोडवरचा हॉल पाहून ठेवलेला, फुग्यांची कमान, दीडशे पानं. लेकीला हे नको होतं, आणि आश्चर्य म्हणजे ताईला हवं होतं.

मावशी : करा म्हणते मी. मुलीचं बारसं आहे, हात आखडता घेऊ नका. मुलगा झाला की वॉर्डभर पेढे आणि मुलगी झाली की बाप जिन्यात उभा, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. साताऱ्यात काय झालं आठवतं? ‘नकुशी’ नावाच्या मुली. नकोशी झाली म्हणून नावच नकुशी. २०११ साली जिल्हा प्रशासनाने शोधून शोधून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. शाळेत जाणाऱ्या, कळत्या मुली. त्यांचं बारसं दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा ते नीट झालं असतं तर? म्हणून म्हणते, वाजतगाजत करा.

लेक : वाजतगाजत करा, पण बाराव्या दिवशी कशाला? टाके अजून ओले आहेत. पैठणी नेसून चार तास खुर्चीवर बसायचं, दीडशे लोकांच्या पाया पडायचं, दर दोन तासांनी हॉलच्या कुठल्या तरी खोलीत जाऊन पाजायचं आणि प्रत्येकीने बाळाचा मुका घ्यायचा. हे बाळाचं कौतुक झालं, पण आईचं काय? त्या चिनी मुलीकडे बघ. महिना पूर्ण होईपर्यंत घरात पाहुणा नाही. महिना भरला की त्यांचा समारंभ. बाळाचं जावळ काढतात, अंडी लाल रंगात रंगवून आल्याबरोबर नातलगांना वाटतात. मलाही तिने डबा दिला होता. शंभराव्या दिवशी आणखी एक जेवण. बाळ वर्षाचं झालं की त्याच्यापुढे लेखणी, मोजायची मण्यांची पाटी, शिक्का, पुस्तक असं मांडतात आणि मूल काय उचलतं ते बघतात. पण क्रम बघ त्यांचा. आधी आईची विश्रांती, मग बाळाचा सोहळा.

मावशी : आपल्याकडे बाराव्याला सुवेर फिटतं म्हणून तो दिवस.

लेक : आणि पूर्वी बारसं म्हणजे काय होतं? आळीतल्या बायका, पाळणा, त्यात आधी वरवंटा निजवायचा, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचं, तिच्या पाठीत बुक्के, ओटीत घुगऱ्या. तासाभरात घरी. बाळंतीण आपल्याच खोलीत. तेवढं बाराव्याला करू. हॉल सव्वा महिन्यानंतर. मुलीसाठी म्हणशील तर तेव्हा बँडसुद्धा लाव.

हे मला पटलं, ताईलाही पटलं. चिनी घरातून उचललेला हा क्रम आपण सगळ्यांनीच उचलावा असं मी मनापासून म्हणेन. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत डोहाळजेवणाचं फोटोशूट आलं, बाळाच्या स्वागताची सजावट आली, बारशाचा हॉल आला, आणि बाळंतिणीचे सव्वा महिन्याचे दिवस मात्र आक्रसत गेले. समारंभ मोठा होत गेला आणि ज्या बाईने नऊ महिने पोट वाहिलं ती त्या समारंभाची यजमान होऊन बसली. याची मला चीड येते.

हे सगळं चालू असताना मालिशवाल्या बाई आल्या. कल्याण पूर्वेहून येतात, सकाळी पाच घरं करतात. मोरीत पाटावर बसून त्यांनी पाय पसरले, बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं, कोमट तेलाचा हात पाठीवरून वरून खाली, मग तळपायावर अंगठ्याने गोल गोल. बाळ रडत नव्हतं. ताईने तपासणीच्या नजरेने पाहिलं. नाकात-कानात तेल घालू नका, टाळूवर थापू नका, एवढं सांगितलं, आणि त्यांनी ते निमूट ऐकलं. मग ताईने त्यांना विचारलं, तुमच्या वेळी मालिश कुणी केली होती?

त्या हसल्या. म्हणाल्या, तीन बाळंतपणं झाली. पहिल्याला गावी आईकडे गेले होते, तेव्हा झाली. पुढच्या दोन्ही वेळी इथेच. पंधराव्या दिवशी भांड्याला लागले. बाळाला थोरलीजवळ ठेवायचे. कामं धरून ठेवत नाहीत ना ताई, दुसरी बाई लावतात. सून आता सातव्या महिन्यात आहे, तिलाही तीच काळजी आहे.

मावशी : ऐकलंस? तुला सव्वा महिना हवा, तो मिळाला. तुझ्या कंपनीने सहा महिने रजा दिली, पगारी. २०१७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. त्या कायद्याचं मूळही आपल्याकडेच आहे. मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९चा, गिरणीतल्या बायकांसाठी. विधिमंडळात डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते, १९२८ साली. बाळंतिणीची विश्रांती हा सगळ्या समाजाचा प्रश्न आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने, पण मालकानेही उचलला पाहिजे, हे त्यांनी तेव्हा मांडलं. आज शंभर वर्षं होत आली. तुझ्या अंगाला तेल लावणाऱ्या बाईपर्यंत तो कायदा पोचला का?

लेक : नाही.

मावशी : मग तू कुठल्या परंपरेबद्दल बोलत होतीस? जिला माहेर आहे, माहेरी दोन खोल्या आहेत आणि घरात राबायला आई आहे, तिची ही परंपरा. माझं भांडण धुराशी आहे तेवढंच याच्याशी आहे.

लेक : मी परंपरा सोडणार नाही मावशी. उलट ती त्यांनाही मिळायला हवी. बाई, तुमची सून कुठे कामाला जाते? त्या घरांना मी फोन करते. काम धरून ठेवतील का विचारते. नाहीच म्हणाले तर दीड महिना तिच्या जागी दुसरी बाई लावायचे पैसे मी देते, पण सुनेचा पगार त्यांनी तोडायचा नाही.

बाईंनी बाळाला धुतलं, पंच्यात गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. दुपारी त्यांनी तीन घरांचे नंबर आणून दिले. दोन घरांनी होकार दिला आहे. तिसऱ्या घराशी बोलणं चालू आहे.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्याकडे पोळ्या करायला, भांडी घासायला, मुलं सांभाळायला येणारी बाई किंवा तिची सून-लेक गरोदर असेल तर सव्वा महिन्याची पगारी सुट्टी तिला आजच कबूल करा, आणि ती परत येईपर्यंत तिचं काम तिच्यासाठी राखून ठेवा. शिवाय प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाच्या वेळी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या बँक खात्यात जमा होतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशा कार्यकर्तीकडे भरून मिळतो. पुष्कळ बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा, आणि जमलं तर तिच्याबरोबर अंगणवाडीपर्यंत जा.